आलेवाडीच्या समुद्राचा तळ

शनिवार, २९ डिसेंबर १९९०. बोईसर, नलूची भाड्याची खोली. हजर: मी, जळगावच्या मुलींच्या वसतिगृहाची अधीक्षिका, माझी धाकटी बहीण नलू, आणि तिच्या वरच्या मजल्यावर राहणारे परब. गैरहजर: नलूचे यजमान विनायकराव, कारण त्यांची कारखान्यात दुसरी पाळी होती. विषय एकच होता. मला समुद्राच्या पाण्याखाली जायचं होतं.

हे खूळ कुठून आलं ते आधी सांगते. आमच्या खानदेशात पोरांना पोहायला शिकवायची एक जुनी रीत आहे. पाठीला वाळका भोपळा बांधायचा आणि विहिरीत ढकलायचं. माझ्या काकांनी मलाही तसंच ढकललं, पण भोपळ्याची गाठ सुटली. मला बाहेर काढलं खरं, पण तेव्हापासून तोंडावर पाणी आलं की माझा श्वास अडतो. अंघोळीला मी डोक्यावर तांब्या ओतत नाही, मान मागे करून केस धुते. एवढ्या वर्षांत ही गोष्ट कुणाच्या लक्षात आली नव्हती. गेल्या उन्हाळ्यात वसतिगृहाच्या मुलींना पोहायला शिकवायचं ठरलं. मी तलावाच्या काठावर चपला घालून उभी होते. पाण्यातून एका मुलीने विचारलं, "बाई, तुम्हाला पाण्याची भीती वाटते?"

मी म्हटलं, "हो. पण नाताळच्या सुट्टीनंतर विचार."

सगळ्या मुलींनी ऐकलं. आता मागे फिरायची सोय नव्हती.

परब मूळचे मालवणकडचे. नौदलात पाणबुड्याचं काम करून निवृत्त झाले आणि आता पाठीवर हवेची टाकी बांधून धक्क्यांचे खांब तपासतात, बोटींच्या पंख्यात गुंतलेली जाळी कापतात. नलूने त्यांना माझ्याबद्दल पत्रातून कळवलंच होतं. तरी मी रीतसर आखणी करून आणली होती. शनिवारी पोचायचं, रविवारी समुद्र, सोमवारी आराम, मंगळवारी परतीची गाडी. सोमवारी पौर्णिमा येते हेही मी मुद्दाम पाहिलं होतं. चांदणं पडेल, किनाऱ्यावर बसता येईल.

परबांनी कागद वाचला आणि नलूकडे पाहून हसू दाबलं.

"काय झालं?" मी विचारलं.

"अक्का, तुम्ही गाडीचं वेळापत्रक बघितलंत, सुट्ट्या बघितल्यात. समुद्राला विचारलंत काय?"

"त्याला काय विचारायचं? तो काय कुठे जाणार आहे?"

"तोच तर जातो आणि येतो दिवसातून दोनदा! पुनवेला तर धावतच."

मग त्यांनी समजावलं. पौर्णिमेला आणि अमावस्येला उधाण असतं. पाणी जोराने ओढतं, तळाचा गाळ वर येतो आणि समुद्र दूध घातलेल्या चहासारखा होतो. स्वतःचा हातसुद्धा दिसत नाही. अष्टमीच्या सुमाराला ओढ मंदावते, त्याला इथे भांग म्हणतात. या किनाऱ्यावर पाण्याखाली काही पाहायचं असेल तर भांगातच. म्हणजे मी पुरे दहा दिवस आधी आले होते. विहिरीच्या मुलखातला माणूसच ही चूक करू शकतो. आमच्या विहिरीला तिथी नसते.

"आणि दहाव्या दिवशी?" मी विचारलं.

"आठ तारखेला, मंगळवारी, जमेल. नऊला मी निघालो. भर समुद्रातल्या तेलाच्या विहिरींवर काम आहे, महिनाभर तरी तिकडेच. तेव्हा मंगळवार नाही तर नाही."

माझी रजा दोन तारखेला संपत होती.

आलेवाडी, दुसऱ्या दिवशी

परब सांगतात ते खरं की नाही हे बघायला मी नलूला घेऊन आलेवाडीला गेले. बोईसरहून रिक्षा मिळते. कारखान्यांचा वास मागे पडतो आणि वाळत्या मासळीचा वास सुरू होतो. पहिल्याने डोकं दुखतं, दुसऱ्याने नाक. किनाऱ्यावर बांबूंच्या उंच मांडवांवर बोंबील वाळत घातले होते, दोन-दोन एकमेकांच्या जबड्यात अडकवून. लांबून पाहिलं तर आमच्याकडे दिवाळीआधी साड्या वाळत घालतात तसं वाटलं. जवळून तसं काही नव्हतं.

परबांच्या ओळखीचे तांडेल, म्हणजे होडीचे कप्तान, भिकाजी. ते होडीत बसून डोल, म्हणजे पिशवीसारखं लांब जाळं, चढवत होते.

"होडी? आता?" ते म्हणाले. "बाय, उधान हाय. आता पान्याला ओढ हाय, डोल फुगतो, मासली येते. आता सगल्या होड्या भायेर. भांगात डोल लोंबतो नुसता, तवा आमी बसूनच असतो. तवा या."

म्हणजे माझ्या भित्र्या डोक्याला आणि त्यांच्या रिकाम्या होडीला एकच दिवस सोयीचा होता. मला ही व्यवस्था आवडली.

तांडेलांची बायको जनाबाई मांडवाखाली बोंबील उलटत होती. माझ्याच वयाची, पण दोन टोपल्या डोक्यावर घेऊन मला धावत हरवील अशी. तिने आम्हाला पाटावर बसवलं आणि तळलेले बोंबील पुढे केले. आम्ही दोघी बहिणी मासे खात नाही, हे नलूने सांगितलं.

जनाबाई हातातली ताटली तशीच धरून माझ्याकडे बघत राहिली. "खात नाय?"

"नाही."

"मंग पान्याखाली कोनला बगाया जाते तू?"

"कुणाला नाही. मला भीती वाटते, ती घालवायला जाते."

"ए देवा!" ती नवऱ्याकडे वळून ओरडली. "आयकलं का? हिला भ्या वाटतं म्हनून चालली हाय. आमाला भ्या वाटलं तं आमी घरात ऱ्हातो!"

मी बरोबर आणलेल्या दशम्या आणि ठेचा तिच्यापुढे ठेवला. ठेच्याने तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तिने बोटं चाटली आणि अजून मागितला. त्या ठेच्याने आमची ओळख पक्की झाली. जाताना तिने विचारलं, "नेसनार काय तितं?"

मी म्हटलं, पंजाबी ड्रेस. जनाबाईने ओढणीसकट माझ्याकडे नजर टाकली आणि मान हलवली. पुढचं मंगळवारी कळलं.

परत येऊन मी बोईसरच्या तार ऑफिसात गेले आणि वसतिगृहाला रजा वाढवल्याची तार केली. रजा वाढवण्याची माझी ही पहिलीच वेळ. कारण लिहायची पाळी आली तेव्हा पेन थबकलं. मग लिहिलं, "काम अपूर्ण."

बोईसर, निळं पिंप

थांबायचं तर रिकामं बसायचं नाही. परबांनी पहिला धडा नलूच्या दारातल्या निळ्या पिंपावर दिला. तोंडात रबरी नळी धरायची, डोळ्यांवर आणि नाकावर काचेचा मास्क, आणि चेहरा पाण्यात. टाकीतली हवा नळीतून येते. नियम एकच: श्वास धरून ठेवायचा नाही. घेत राहायचं, सोडत राहायचं.

मी पिंपाच्या कडा दोन्ही हातांनी धरल्या आणि वाकले. पाणी कानांना लागताच श्वास गच्च धरला आणि वर आले. पुन्हा तेच. पुन्हा तेच. तोपर्यंत चाळीतली निम्मी माणसं जमली होती. पहिल्या पाळीची बस यायची होती, म्हणून कापड कारखान्यातले रामआसरे डबा काखेत धरून उभे होते.

"दीदी, पानी को मत देखिए," ते म्हणाले. "बुलबुले सुनिए."

"आणि बस आली तर?" नलूने विचारलं.

"बस तो रोज़ आती है. ऐसा तमाशा रोज़ नहीं आता."

सगळे हसले. मला राग आला, आणि रागात माणूस भीती विसरतो हे मला तेव्हा कळलं. मी चेहरा पाण्यात घातला आणि बुडबुडे ऐकले. भाताचं आधण उकळतं तसा आवाज होता. त्या आवाजावर लक्ष ठेवलं आणि श्वास आला, गेला, पुन्हा आला. वर आले तेव्हा बस निघून गेली होती आणि रामआसरे रिक्षा शोधत होते.

मधल्या दिवसांत नलूची मैत्रीण आम्हाला माकुणसारला घेऊन गेली. तिथल्या वाड्यांत पानवेलींची सावली इतकी गार की जळगावच्या माणसाला तिथून हलवत नाही. जेवायला उकडहंडी होती. मडक्यात कंद, शेंगा, वांगी, सगळं एकत्र घालून तोंड बंद करून शिजवतात. आमच्या भरताच्या वांग्यापुढे इथलं वांगं फिकं; पण कंद आमच्याकडे असे मिळत नाहीत. नलू म्हणाली, "अक्का, तू जेवतानासुद्धा तुलना करतेस." करते. त्याशिवाय प्रवास कशाला करायचा?

मासवण, सूर्या नदी

रविवारी परबांनी मला मासवणला नेलं. तिथे सूर्या नदीला हिवाळ्यात स्वच्छ, शांत डोह राहतात. कमरेइतक्या पाण्यात गुडघे टेकून बसायचं आणि डोक्यावरून पाणी जाऊ द्यायचं, एवढाच पाठ. एवढाच म्हणायला.

टाकी पाठीवर बसली तेव्हा मी जवळजवळ मागे पडले. पाण्यात गेल्यावर तिचं वजन नाहीसं झालं. पिंपात फक्त चेहरा होता. इथे सगळी मी होते. खाली बसले आणि पाणी डोक्यावरून मिटलं. वर पाहिलं तर पाण्याचं छत हलत होतं. विहिरीतून मी असंच वर पाहिलं होतं. माझे पाय आपोआप उभे राहिले.

परबांनी नळी तोंडातून काढली. "किती वेळा उभं राहायचंय ते राहा. मी आज रिकामाच आहे."

मी पुन्हा बसले. तिसऱ्या की चौथ्या खेपेला पाय उभे राहिले नाहीत. तळाचे गोटे दिसले, एक बोटभर मासा माझ्या गुडघ्यापाशी येऊन थांबला. मग परबांनी मास्कचा अवघड पाठ घेतला. मास्कमध्ये चमचाभर पाणी शिरू द्यायचं, वरची कड कपाळावर दाबायची, मान वर करायची आणि नाकाने जोरात हवा सोडायची. पाणी खालून निघून जातं. मला हा पाठ मुळीच नको होता. नाकाशी पाणी आलं की मला फक्त विहीर आठवते. पण परब म्हणाले की याशिवाय समुद्र नाही. केला. रडकुंडीला येऊन, पण केला.

काठावर कपडे धुणाऱ्या आदिवासी बाया हात थांबवून पाहत होत्या. त्यांतल्या एकीने नलूला विचारलं, "काय पडला हाय गं पान्यात?"

"माझ्या बहिणीची भीती."

बाईने विचार केला. "मंग गावली का?"

"शोधतेय," नलू म्हणाली.

आलेवाडी, मंगळवार, ८ जानेवारी

समुद्र ओळखू येत नव्हता. नऊ दिवसांपूर्वी खवळलेलं पाणी आता परातीतल्या पाण्यासारखं पडलं होतं. होड्या किनाऱ्याला, माणसं सावलीला जाळी विणत बसलेली. तांडेल होडी सज्ज करून उभे होते, पण जनाबाईने मला बाजूला ओढलं.

"ये घरात. तो घागरा सोड."

"ड्रेस आहे तो."

"पान्यात तो फुगंल. डोलावानी. तुला सुरतला नेईल!"

तिने तिचं जुनं लुगडं काढलं आणि चिखलात उतरताना त्या नेसतात तसं, गुडघ्यापर्यंत, काष्टा करकचून घालून मला नेसवलं. पदर कमरेला असा आवळला की एक सुतभर टोक सुटं राहिलं नाही. वर विनायकरावांचा पूर्ण बाह्यांचा बनियन. परबांनी ओढून पाहिलं, कुठे काही लोंबत नाही याची खात्री केली आणि वरून वजनासाठी शिशाचा पट्टा बांधला. "नौदलात असं बांधता आलं असतं तर निम्मे अपघात वाचले असते," ते म्हणाले. जनाबाईने मान ताठ केली.

मग ती स्वतःच होडीत चढली. तांडेल म्हणाले, "तू कंची? बाईमानूस होडीवर नाय."

"मासं माराया नाय. आज मासं नाय. तर आज होडी नाय, ही रिक्षा हाय. सरका."

तांडेल सरकले. वल्ह्यावर बसलेला त्यांचा भाऊ हसला तर जनाबाईने त्याच्या पाठीत धपाटा घातला. इतकी वर्षं त्या होडीतली मासळी विकून ती पहिल्यांदा त्या होडीतून समुद्रात निघाली होती. तिने दोन्ही हातांनी कड धरली होती, मीही. आम्ही एकमेकींच्या हातांकडे पाहिलं आणि कड आणखी घट्ट धरली.

उत्तरेला वीज केंद्राची इमारत दिसत राहील एवढ्याच अंतरावर पाण्याखाली खडक आहे. तिथे नांगर टाकला. परबांनी दगड बांधलेली एक दोरी सरळ तळापर्यंत सोडली. तांडेल म्हणाले, तीन वाव पाणी. म्हणजे तीन वेळा दोन्ही हात पसरले तर जेवढं. होडीच्या कडेवरून मी पाय सोडून बसले. इथे खरं सांगते, मी मागे फिरायचं ठरवलं होतं. परबांना म्हणणार होते, कान दुखतो. तोंडात नळी असल्यामुळे बोलता आलं नाही. परबांना वाटलं मी तयार आहे. त्यांनी हात धरला आणि आम्ही पाण्यात होतो.

थंडी आधी मानेतून आत आली. मग हिरवं. सगळीकडे एकच हिरवं, पातळ केलेल्या कोथिंबिरीच्या चटणीसारखं. मासिकातल्या चित्रांत दिसतं तसं निळं पाणी नाही, रंगीत मासे नाहीत. समोर पसरलेला हात दिसत होता आणि त्यापुढे आणखी हातभर. मी दोरी दोन्ही हातांनी धरली आणि एक हात सोडून दुसरा खाली ठेवत उतरू लागले. कानांत सुया टोचल्या. परबांनी आपलं नाक चिमटीत धरून दाखवलं. मी तसं करून आतल्या आत फुंकलं. कानांत टक् झालं आणि सुया गेल्या.

अर्ध्यावर असताना मास्कच्या खालून पाणी आत आलं. चमचाभर नाही, नाकपुड्यांपर्यंत. बहुधा केसांची एक बट कडेत अडकली होती. माझं अंग वर निघालं. हातांनी दोरी सोडायची आणि वर सुटायचं, बस, एवढंच मला कळत होतं. परबांनी दंड धरला. ओढलं नाही, दाबलं नाही, फक्त धरला, आणि दुसऱ्या हाताने आपल्या मास्कच्या वरच्या कडेवर बोट टेकवलं. त्यांचे डोळे मला काचेतून दिसत होते. ते वाट पाहत होते.

मी बुडबुडे ऐकले. आत, बाहेर. नाकाशी पाणी होतं आणि तरी श्वास चालू होता. ही गोष्ट माझ्या काकांच्या विहिरीत कधी घडली नव्हती. मी मास्कची वरची कड दाबली, मान वर केली आणि नाकाने सोडलं. पाणी राहिलं. परत सोडलं. काच स्वच्छ झाली. डोळे झोंबत होते, पण समोर परबांचा अंगठा आणि पहिलं बोट जुळून गोल झालेलं दिसलं. सगळं ठीक आहे ना, असा त्याचा अर्थ. मीही गोल करून दाखवला. माझा जरा वाकडा आला.

तळाशी माझे गुडघे वाळूला टेकले. खडकाला शिंपले चिकटले होते, त्यांवर मऊ बोटांसारखं काहीतरी उमलत-मिटत होतं. मी बोट जवळ नेलं तर ते चटकन मिटलं. तेही मला घाबरलं, हे पाहून मला बरं वाटलं. एक खेकडा तिरका चालत आला, माझ्या लुगड्याच्या काठाशी थांबला, काठ चाचपला आणि मन बदलून निघून गेला. वर होडीचा काळा पेंदा दिसत होता, एखाद्या मोठ्या चपलेसारखा. वर पाहिलं, आणि पाय उभे राहिले नाहीत.

परबांनी खडकाच्या वळणाकडे बोट दाखवलं. पलीकडे शेवंड असतात, मोठ्या कोळंबीसारखे, लांब मिशांचे, त्यांनी आधीच सांगितलं होतं. तिथे जायचं तर दोरी सोडून चार हात पोहावं लागतं. त्यांनी हात पुढे केला. मी मान हलवली. त्यांनी पुन्हा विचारलं, डोळ्यांनी. मी दोरीला हाताचा दुसरा वेढा दिला. ते समजले, आणि आम्ही तिथेच बसलो, हवा संपत येईपर्यंत.

वर आले तेव्हा मास्क कपाळावर सरकवला आणि जनाबाईचा पाण्यात वाकलेला चेहरा दिसला.

"तलाला टेकली?"

"टेकले."

"काय हाय तितं?"

"खेकडा. तुझं लुगडं बघून गेला."

"घ्यायचा होता ना! रस्सा केला असता." मग माझ्या मुठीकडे पाहून, "दोरी सोड आता, वर ये."

मूठ उघडली तेव्हा तळव्यावर दोरीचा पीळ उमटलेला होता.

किनाऱ्यावर जनाबाईने मला वालाची आमटी आणि तांदळाची भाकरी वाढली. परब जेवताना एवढंच म्हणाले, "अक्का, पाण्याचं झालं." दोरीचं त्यांनी बोलून दाखवलं नाही. दुसऱ्या दिवशी ते कामावर गेले आणि मी सुरतमार्गे जळगावला.

वसतिगृहात पोचले त्या संध्याकाळी मुली जेवणघरात थांबल्या होत्या. त्याच मुलीने विचारलं, "बाई, गेली भीती?"

मी सांगितलं, तोंडावरच्या पाण्याची गेली. आणि उन्हाळ्यात तलावात मी तुमच्याबरोबर उतरणार आहे, त्याची तारीख ठरवून ठेवली आहे.

ज्यांना जायचं असेल त्यांच्यासाठी: सुट्टी पाहू नका, पंचांगात अष्टमी पाहा. कपडे तिथल्या बायकांना बांधू द्या. ठेचा न्या. तांडेल म्हणाले आहेत की होळीनंतर वारे सुरू होतात, तेव्हा त्याआधीचा एक भांग अजून हातात आहे, आणि परब तोवर परततील. रजेचा अर्ज टाकला आहे. खडकाची पलीकडची बाजू पाहायची राहिली आहे. तिथपर्यंत दोरी पोचत नाही.